न भाजलेली पानं

"भाजायचं नाही म्हणजे? काहीच भाजायचं नाही?" मास्तरांनी पुन्हा विचारलं.

"काहीच नाही, बाबा. बिस्किटांचा चुरा, खजूर, जर्दाळू, अक्रोड, लोणी. मळायचं, लाटायचं, साच्याने पानं कापायची आणि फ्रिजमध्ये ठेवायची." तोंडात पिना धरून मुलगी बोलत होती आणि एकीकडे गॅसच्या शेगडीची बटणं उपटून पर्समध्ये टाकत होती.

"याला गोड म्हणत नाहीत. याला आळस म्हणतात."

"वाचनालयात पानगळीची पार्टी आहे. लोकांना आळस आवडतो. तुम्ही फक्त पानं करा, आणि..." ती थांबली. "आणि आजचा दिवस तेवढा नीट जाऊ दे."

दार लागलं. जिन्यावरून उतरताना पर्समधली बटणं खुळखुळत गेली, ती मास्तरांना खालपर्यंत ऐकू आली. आपल्या घराच्या किल्ल्या कुणी नेल्यासारखं वाटलं त्यांना.

मास्तर म्हणजे काही शाळेतले नव्हेत. शाळेशी त्यांचं कधी जमलंच नाही. सारा जन्म पावाच्या भट्टीसमोर गेला, तिथेच लोक त्यांना मास्तर म्हणू लागले. कुणी नवखा विचारायचा, विषय कोणता शिकवता? ते म्हणायचे, "पाव." भट्टी मागे, पुढे दुकान, दुकानात बायको. आता भट्टीच्या जागी मोबाइलचं दुकान होतं, आणि बायकोच्या जागी भिंतीवर फोटो. नाकही गेलं होतं. करपलेलं आणि खरपूस यांतला फरक एके काळी रस्त्याच्या टोकावरून सांगणारा माणूस, पण मागच्या आठवड्यात चहाचं पातेलं जळून काळंठिक्कर झालं आणि हे शेजारच्या खोलीत निवांत पेपर वाचत बसलेले.

थोरल्या मुलाने त्याच दिवशी म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या एका संस्थेत खोली बघून ठेवली. मुलगी त्याच्याशी कडाकडा भांडली. शेवटी ठरलं ते असं: आज मास्तर दिवसभर एकटे राहतील. संध्याकाळी मुलगा गाडी घेऊन येईल. सगळं नीट असलं तर विषय बंद. नाही तर ती खोली.

मास्तरांना कुठेही जायचं नव्हतं. या खिडकीतून समोरचं झाड दिसायचं, फोटो दिसायचा, आणि रात्री भिंतीपलीकडे मुलीने कूस बदलली की कळायचं. या वयात माणसाला आणखी काय लागतं?

त्यांनी बाह्या सरसावल्या. ट्रे ओट्याखालच्या विजेच्या ओव्हनमध्ये होता. बायको गेल्यापासून त्या ओव्हनमध्ये कुणी काही भाजलं नव्हतं. कढया, झाकणं, साचे, सगळं त्यात कोंबलेलं. मुलीच्या लेखी ते कपाटच झालं होतं, म्हणून त्याच्या बटणाचा तिला विसर पडला. मास्तरांनी आतलं सगळं बाहेर काढलं, मोठ्यापासून लहानापर्यंत भिंतीशी ओळीत लावलं, आतून फडकं फिरवलं, दार लावलं. पुढचं हातानेच केलं. आधी भट्टी पेटवायची, मग पिठाला हात लावायचा, हे त्या हाताला इतकं पाठ होतं की त्याने डोक्याला विचारलं नाही. जित्याची खोड, दुसरं काय.

मग कामाला सुरुवात झाली. बिस्किटं पिशवीत घालून लाटण्याने चुरली. खजूर आणि जर्दाळू बारीक चिरून वेगवेगळे मळले, म्हणजे काही पानं तपकिरी होतील, काही केशरी. दालचिनीची पूड अंदाजाने घातली. वास येत नव्हता, पण बोटांना प्रमाण ठाऊक होतं. सुरीच्या पाठीने एकेका पानावर शिरा उमटवल्या. एका पानाची कड मुद्दाम थोडी फाडली. झाडाखाली अख्खं पान कधी सापडतं का?

पानं ट्रेवर मांडताना दोन पानांमध्ये बोटभर अंतर सुटत गेलं. फुगायला जागा. मग त्यांच्या लक्षात आलं की ही फुगणारच नाहीत, आणि ते स्वतःशीच हसले. "मास्तर, म्हातारे झालात," ते फोटोकडे बघून म्हणाले. तरी अंतर तसंच ठेवलं. चिकटून बसलेलं त्यांना बघवत नसे.

ट्रे फ्रिजमध्ये गेला. स्वयंपाकघरात छान ऊब होती. ऊन पडलं असेल म्हणून त्यांनी बाहेर पाहिलं, तर आभाळ भरलेलं आणि झाड निम्मं उघडं. असो. खुर्ची ओढून ते तिथेच बसले. किती दिवसांनी अंगातला गारठा गेला होता. दिवस नीट गेला, त्यांना वाटलं. आता हा विषय निघणार नाही.

मुलगी आली तेव्हा ते ट्रे बाहेर काढत होते.

"दादा गाडी लावतोय. बाबा, बघू..." ती ट्रेवर वाकली. "अहो, ही तर खरी पानं वाटतायत."

मग तिने कपाळावरचा घाम पुसला. खाली पाहिलं. भिंतीशी ओळीत मांडलेल्या कढया, आणि ओव्हनचा लाल दिवा. तिने झटकन वाकून बटण फिरवलं. उठली तेव्हा मास्तर तिच्याकडेच बघत होते. त्यांना सगळं कळलं होतं.

"अळीमिळी गुपचिळी," ती हळूच म्हणाली. लहानपणी दुकानातली बिस्किटं पळवताना ती आईला असंच म्हणायची. "मी काही बघितलं नाही. तुम्हीही नाही."

मुलगा आत आला. त्याने एक पान तोंडात टाकलं आणि डोळे मिटले. "बाबा, हात तोच आहे हो तुमचा." मग बहिणीला विचारलं, "काही गडबड?"

"काही नाही."

"खरंच?" त्याचे खांदे सैल पडले. "बरं झालं. मलाही का हौस आहे? विषय बंद."

मास्तर डब्यात पानं भरत होते. प्रत्येक थरात कागद. ते न वळता म्हणाले, "त्या भट्टीवरच्या पोऱ्याला मी का काढलं, आठवतं?"

"रिकामी भट्टी जाळली म्हणून," मुलगा हसला. "वर्षभर तेच सांगत होतात."

"रडला होता बिचारा. चूक झाली म्हणाला. मी म्हटलं, आज रिकामी भट्टी, उद्या दुकान, आणि वर झोपलेली आमची पोरं."

"बाबा, पुरे ना," मुलगी म्हणाली.

"वाईट माणूस नव्हता तो. पण ठेवता येत नव्हतं." त्यांनी डब्याचं झाकण लावलं, चारी बाजूंनी दाबून बघितलं. "हिची खोली भिंतीपलीकडेच आहे रे. त्या संस्थेत कधी जायचं ते सांग."

मुलगी तोंड फिरवून उभी राहिली. मास्तर गुडघ्यावर हात टेकून वाकले, ओव्हनचं बटण ओढून काढलं आणि तिचा हात धरून तळव्यावर ठेवलं.

"हे राहिलं होतं सकाळी," ते म्हणाले. "पर्समध्ये टाक."

बटण अजून कोमट होतं.