घुम्याचा तारा

दुपारची जेवणं झाली की आतल्या खोलीतून श्वास ऐकू यायचा. आत, बाहेर. आत, बाहेर. नवी कामवाली पहिल्याच दिवशी झाडू टाकून पळाली, आणि तिला नावं ठेवण्यात अर्थ नव्हता. ज्या घरातला माणूस फुप्फुसं निकामी होऊन गेला, त्या घरात असला आवाज ऐकून कोणाच्याही अंगावर काटा आला असता.

तो श्वास एका ताऱ्याचा होता. लाल, म्हातारा, अवाढव्य. सूर्याच्या जागी ठेवला तर पृथ्वीला गिळून वर ढेकर देईल असा. गेलेला माणूस, म्हणजे घरातल्या सूनबाईचा नवरा, आयुष्यभर त्याच्याच अभ्यासामागे होता. बोलणं बेताचं, म्हणून त्याला घरात घुम्या म्हणत, आणि लग्नानंतर तीही तेच म्हणायला लागली. असल्या ताऱ्याच्या अंगावरचा वायू पातेल्यातल्या उकळत्या पाण्यासारखा वर येतो आणि पुन्हा खाली बसतो. त्यातला थोडा मात्र सुटतो तो सुटतोच, आणि तारा हळूहळू झिजत जातो. ताऱ्याचा उजेड इंद्रधनुष्यासारखा रंगांत फाकवून पाहिला की त्यात काळ्या रेघा दिसतात. वायू आपल्याकडे आला की त्या एका अंगाला सरकतात, मागे गेला की दुसऱ्या. घुम्याला त्या सरकण्यात एक लय सापडली होती. त्याच्या वडिलांची दृष्टी गेलेली, म्हणून त्यानं त्यांच्यासाठी तिचा आवाज करून दिला. वायू जवळ आला की सूर चढायचा, लांब गेला की उतरायचा. महिनोन् महिन्यांची हालचाल एका श्वासात बसवलेली.

घुम्या गेला, आवाज राहिला. बाबा रोज तो लावून पडायचे आणि सूनबाई शेजारच्या खुर्चीत बसायची. दोघं एकमेकांशी काही बोलायची नाहीत.

सूनबाई नवऱ्याच्याच खगोलशास्त्राच्या विभागात काम करायची. घुम्याचा अर्धवट राहिलेला लेख पुरा करायचं तिनंच अंगावर घेतलं होतं. "त्याच्याच नावानं छापू," विभागप्रमुख म्हणाले होते. "श्वास घेणारा तारा! लोक त्याला घुम्याचा तारा म्हणतील बघ." तिला आता जगाकडून एवढंच हवं होतं. मूलबाळ नव्हतं, निदान आकाशात तरी त्याचं नाव लागावं.

लेख पाठवायचा त्या दिवशी ती आकडे शेवटचे तपासायला बसली आणि मनात पाल चुकचुकली. श्वास दर वर्षी त्याच महिन्यात भरत होता. ताऱ्याला आपल्या कॅलेंडरशी काय देणंघेणं?

पृथ्वी सूर्याभोवती फिरते, त्यामुळेही त्या रेघा सरकतात. ते सरकणं आधी वजा करावं लागतं. नवं उपकरण आल्यापासून दुर्बिणीवरचे लोकच ते करून पाठवत होते, आणि घुम्या जुन्या सवयीनं पुन्हा करत होता. सासूनं भाजीत मीठ घालावं आणि सुनेनंही घालावं, तसला प्रकार. तारा अशा दिशेला, की पृथ्वीच्या फिरण्यानं त्याच्या रेघा जेमतेमच सरकायच्या. म्हणून इतकी वर्षं कोणाला चव खटकली नव्हती. तिनं जादा वजाबाकी काढून टाकली. श्वास गेला.

तिला रडू आलं नाही, राग आला. एवढा शहाणा माणूस, आणि दुर्बिणीवरच्या लोकांना साधं विचारायला तोंड उघडवलं नाही? शेवटी घुम्या तो घुम्याच! मग वाटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. कोण तपासणार आहे? पण तपासणारा कधी ना कधी निघतोच, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मग नाव राहिलं असतं, पण लोकांना हसायला.

उरलेल्या आकड्यांत नुसता कल्लोळ होता. कुठे वर, कुठे खाली, लय म्हणून नाही. पण त्यात एक फिकट रेघ होती. ती सदा वायू आपल्याकडे येतानाच्या अंगालाच सरकलेली, एकदाही मागे न वळलेली. श्वासाच्या गडबडीत ती कोणाला दिसलीच नव्हती.

तिनं नवा आवाज तयार केला आणि बाबांच्या खोलीत गेली. जुना चालूच होता. तिनं तो बंद केला.

"बाबा, यात चूक होती. तो ताऱ्याचा श्वास नव्हता. आपलीच पृथ्वी फिरत होती, ते ऐकू यायचं."

"तरीच," बाबा म्हणाले. "इतका सरळ श्वास आमच्या घुम्यानं कधी घेतला होता गं? जन्मापासून दम्याचा पोर तो."

"मग तुम्ही रोज का लावायचात?"

"तू येऊन बसायचीस ना. बंद केला असता तर कुठे बसली असतीस?"

ती तर बाबांसाठी बसत होती. तिनं नवा आवाज लावला. खदखद सुरू झाली, वेडीवाकडी, मध्येच अडखळणारी. त्या खदखदीमागे एक बारीक सूर होता, वर लागलेला तो लागलेलाच.

"हा बारीक कोणाचा?"

"सुटलेल्या वायूचा. तो आता परत ताऱ्यावर पडायचा नाही."

"हं." बाबांनी चादर छातीपर्यंत ओढली. "हेच छाप त्याच्या नावानं. जे आहे ते. आणि आता बंद कर पोरी, पुरे झालं."

तिनं बंद केलं. खोलीत श्वास चालूच राहिला. आत, बाहेर. तिनं बटण पुन्हा दाबून पाहिलं, शेवटी वायरच उपटली. श्वास तरी चालूच.

"अगं, तो नाही," बाबा म्हणाले. "तूच श्वास घेते आहेस."