पाठीवरचा जोड

परीक्षक यायच्या आधी कार्यशाळा झाडून घ्यायची, ही वस्त्ररचना विभागाची जुनी रीत. त्या वर्षी कटिंगच्या मॅडमनी ती मोडली. प्रत्येक टेबलाखाली ज्याची त्याची कातरण पडलेली होती आणि ती तशीच राहणार होती.

विभागप्रमुख दारातच थबकले. कडक इस्त्रीची पँट, हातात पाहुण्यांसाठी फुलांचा गुच्छ.

"मॅडम, हे काय?"

"कातरण."

"ते दिसतंय मला. पाहुणे येतील एवढ्यात. घरी कोणी यायचं असलं की आपण केर काढतो ना?"

"ते जेवायला येत नाहीयेत, सर. तपासायला येतायत. आणि तपासायचं ते खालीच पडलंय."

विद्यापीठानं सगळ्या विभागांना आपापल्या विषयात शाश्वतता आणायला सांगितलं, तेव्हापासूनची ही कटकट होती. बहुतेक विभागांनी समितीकडून आलेल्या तयार स्लाइड एका तासात दाखवून टाकल्या. पहिल्याच स्लाइडवर प्लास्टिकमध्ये अडकलेलं कासव होतं. मुलांनी हजेरी लावली, कासव पाहिलं आणि ती चहाला गेली. कटिंगच्या मॅडमनी स्लाइड लावल्याच नाहीत. "कासव बघून कोणाची कात्री सुधारत नाही," त्या बैठकीत म्हणाल्या. त्यांनी प्रात्यक्षिकाच्या शंभरातले तीस गुण काढून कातरणीवर ठेवले. कपडा कसा झाला याला सत्तर. तो करताना कापड किती वाया घालवलं याला तीस. विभागप्रमुखांनी हे उत्साहानं मंजूर केलं होतं. विद्यापीठाच्या वार्षिकात मूठभर कातरण हातात धरलेला त्यांचा फोटोही छापून आला होता.

पण फोटो वेगळा आणि बाहेरचे परीक्षक वेगळे. ते तयार कपड्यांच्या मोठ्या कारखान्याचे मालक होते, आणि दरवर्षी याच परीक्षेतून दोन-तीन जणांना आपल्या नमुना विभागात घेत. त्यांच्यासमोर जमिनीवर चिंध्या, ही कल्पनाच विभागप्रमुखांना सोसवत नव्हती.

मॅडमची भाची याच वर्गात होती. शिकायला म्हणून ती मावशीकडे राहत होती. पहिल्याच दिवशी मावशीनं बजावलं होतं, "घरात मी मावशी. वर्गात मॅडम. मावशीनं वर्गात यायचं नाही आणि मॅडमनी स्वयंपाकघरात." भाचीनं ते इतकं मनावर घेतलं की कॉलेजच्या फाटकातून आत आल्यावर ती मावशीला अहो-जाहो करायची. नात्यातल्या माणसानं गुण द्यायचे नाहीत, हा विद्यापीठाचा नियम. त्यामुळे तिच्या कातरणीचे तीस गुण विभागप्रमुख देणार होते आणि बाकीचे सत्तर पाहुणे. पाहुण्यांनी नोकरीला घेतलं तर ठीक, नाहीतर गावी परत येऊन आईच्या दोरे-बटणांच्या दुकानात बसायचं, असं घरात ठरलं होतं. ठरवलं आईनं होतं. भाचीनं हो म्हटलं नव्हतं.

पाहुणे आले. गुच्छ घेतला, खाली पाहिलं. चिंध्या चुकवत ते एकेका टेबलाशी जाऊ लागले. माणूस वाईट नव्हता. शिवणीवरून अंगठा फिरवायचा, अस्तर उलटून बघायचं, मग एखादा प्रश्न. भाचीच्या टेबलाशी मात्र त्यांचा अंगठा कोटाच्या पाठीवर अडला.

"जोड आहे इथे."

"हो, सर."

"कापड कमी पडलं?"

"नाही. उरलंय." तिनं टेबलाच्या कडेला घडी करून ठेवलेलं कापड दाखवलं. "पाठ अखंड कापली असती तर हे उरलं नसतं. बाजूबाजूनं चिंध्या होऊन खाली पडलं असतं."

वर्षभर मॅडमनी हेच घोकून घेतलं होतं. कापडावर आधी सगळे भाग मांडायचे, मग कात्री. एखादा भाग बसत नसेल तर जिथे अंगाचा ताण पडत नाही तिथे जोड घ्यायचा, उभा धागा जुळवायचा आणि तो जोड लपवायचा नाही. धंद्यात जोड म्हणजे नामुष्की. शिंप्याचा अंदाज चुकला, कापड कमी पडलं, असा त्याचा अर्थ. भाचीनं तो खांद्यांच्या खाली आडवा घेतला होता आणि त्यावर गडद दोऱ्याची दुहेरी टीप मारली होती. लांबूनही दिसावी अशी.

"हात चांगला आहे तुझा," पाहुणे म्हणाले. "म्हणून सांगतो. माझ्या कारखान्यातून असा कोट गेला तर दुकानदार सगळी गाडी परत पाठवील."

"गिऱ्हाइकाला कोणी विचारलंय का, सर?"

विभागप्रमुख खोकले.

"मला शिकवतेस का?" पाहुणे हसत म्हणाले, पण हसू पुरतं उमटलं नाही.

"नाही. परीक्षा आहे म्हणून येतंय ते सांगतेय."

पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "ज्यांनी ज्यांनी जोड घेतलाय त्यांना तासभर देतो. उसवा आणि उरलेल्या कापडातून अखंड भाग लावा. तेवढ्यात मी चहा घेऊन येतो." मग भाचीकडे वळून, "तू लावलास तर आजच बोलू आपण कामाचं. नाही लावलास तर फिनिशिंगचे गुण मला देता येणार नाहीत."

ते आणि विभागप्रमुख बाहेर गेले. जोड घेतलेले आणखी चौघे होते. त्यांनी मॅडमकडे पाहिलं, एकमेकांकडे पाहिलं आणि ब्लेड काढलं. टीप उसवताना होणारा तो बारीक तडतड आवाज कार्यशाळेत सुरू झाला. मॅडमनी कोणाला अडवलं नाही.

भाची हात बांधून उभी होती. मॅडम तिच्या टेबलाशी आल्या. पाठमोऱ्या झाल्यासारखं करून, ओठ न हलवता म्हणाल्या, "उसव."

"काय?"

"उसव म्हणतेय. तुझे गुण माझ्या हातात नाहीत. सगळं त्या दोघांच्या हातात आहे."

"मॅडम, हे तुम्ही मॅडम म्हणून सांगताय की मावशी म्हणून?"

मॅडमनी दाराकडे पाहिलं. "मावशी म्हणून."

"मावशीला वर्गात यायची परवानगी नाही," भाची म्हणाली. "नियम तुमचाच आहे."

पलीकडच्या टेबलावरचं ब्लेड थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

"तुझी आई मला उभी चिरेल."

"उभ्या धाग्यात चिरलं तर सरळ फाटेल. मी उसवणार नाही, मॅडम. जोड चुकलाय असं तुमचं म्हणणं असेल तर दाखवा."

मॅडमनी कोट हातात घेतला. जोडाच्या दोन्ही बाजूंना धरून ताणून पाहिला, तिरपा ताणून पाहिला, प्रकाशाकडे धरला. मग टेबलावर ठेवला आणि त्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या. दाखवण्यासारखं काही नव्हतं.

चहानंतर पाहुण्यांनी भराभर गुण लिहिले. भाची त्यांच्याकडून जेमतेम पास झाली. नोकरी दोघांना मिळाली. त्यातला एक उसवणाऱ्यांपैकी होता. वर्गात त्याला सगळे 'टाका' म्हणत.

आता राहिली कातरण. मॅडम एकेका टेबलाखालची गोळा करत, वर मांडत, गुण देत निघाल्या. उसवणाऱ्या चौघांच्या पायाशी आता काढून टाकलेली जुनी पाठ आणि नव्या पाठीभोवतीचे तुकडे असा ढीग झाला होता. मॅडमनी चौघांचेही निम्म्याहून जास्त गुण कापले.

"मॅडम, आम्हाला तर त्यांनीच सांगितलं होतं," टाका म्हणाला.

"त्यांनी सांगितलं ते त्यांच्या सत्तरात आलं. हे माझं खातं आहे. आणि तुला नोकरी लागलीय, तोंड पाडू नकोस."

भाचीच्या टेबलाशी येऊन त्या थांबल्या. "सर, या."

"मी?" विभागप्रमुख पाहुण्यांना निरोप द्यायच्या तयारीत होते. "तुम्हीच उचला आणि मांडा. मी बघतो."

"भाची आहे माझी. तिच्या चिंधीला मला हात लावता येणार नाही. उद्या कोणी म्हणायचं, मावशीनं चार तुकडे लपवले."

"मग तीच उचलेल."

"विद्यार्थिनीनं स्वतःची तपासणी करायची?"

पाहुणे दारात थांबून बघत होते. विभागप्रमुखांनी पँट गुडघ्यांवर थोडी वर ओढली आणि ते टेबलाखाली वाकले. वाकून भागेना, तेव्हा बसले. फारसं काही सापडेना म्हणून ते आणखी आत सरकले. डोकं टेबलाला आपटलं. शेवटी ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या मुठीत बाहीच्या गोलाईच्या काही पाकळ्या आणि खिशाचे कोपरे होते.

"एवढंच?"

"एवढंच," भाची म्हणाली.

त्यांनी ती मूठ टेबलावर उघडली. शेजारच्या टेबलावर टाकाचा ढीग होता. पाहुण्यांनी एकदा इकडे आणि एकदा तिकडे पाहिलं, आणि ते निघून गेले.

"अठ्ठावीस," विभागप्रमुख कपाळ चोळत म्हणाले.

"दोन कशाचे कापले, सर?" भाचीनं विचारलं.

"पैकीच्या पैकी मी कोणालाच देत नाही." मग मॅडमकडे वळून, गुडघे झटकत, "पुढच्या वर्षी हे तीस गुण लेखी परीक्षेत घालू. स्लाइड आहेतच तयार."

"घाला," मॅडम म्हणाल्या. "मग कटिंग शिकवायलाही स्लाइडच उभ्या करा. मी जमिनीवरची कातरण मोजल्याशिवाय एकाही मुलाला पास करणार नाही. तुमच्या वार्षिकात छापा हे. फोटो नको."

संध्याकाळी घरी मावशीनं दार लावलं, चपला काढल्या आणि म्हणाली, "तुझ्या आईला काय सांगायचं?"

"जे झालं ते. नोकरी गेली. आणि तू मला उसव म्हणालीस."

"ते सांगायलाच हवं का?"

"हो. नाहीतर तिला वाटेल, तू मला भरीला घातलंस."

भाचीनं पिशवीतून कोट काढून अंगात घातला. तो वर्गातल्या पुतळ्याच्या मापाचा होता. तिला सैल होत होता.

"उद्या दुसऱ्या कारखान्यांत जाते. हाच घालून. दुसऱ्यानं नाही म्हटलं तर तिसऱ्याकडे. दुकानात मी बसणार नाहीये, हे आईला तूच सांग. माझं ती ऐकत नाही."

"माझं कधी ऐकलंय तिनं? लहानपणापासून." मावशीनं गळ्यात टेप अडकवला. "वळ. हात खाली सोड."

"खांद्यात घ्यावा लागेल का?"

"खांद्यात घेतला तर जोड वर सरकेल. कमरेत घेऊ, दोन्ही बाजूंनी." तिनं दोन टाचण्या दातात धरल्या, त्यामुळे पुढचं तिचं बोलणं नीट कळलं नाही, पण भाची ताठ उभी राहिली.