खाल्लेली पानं

पिल-सुननं इंग्रजी शब्दकोश उघडला आणि ती किंचाळलीच. "क्वांग-हो! 'टी' अक्षराची पानं कुठायत?"

"खाल्ली," धाकटा भाऊ मान खाली घालून म्हणाला.

छुसोकच्या, सुगीच्या सणाला ती देगू शहरातल्या कापडगिरणीतून घरी आली होती. शब्दकोश तिच्याच पगारातून आलेला. पान पाठ झालं की फाडून चावून खायचं, म्हणजे विद्या पोटात राहते, ही शाळकरी पोरांची जुनी खोड. क्वांग-होनं ती इमानेइतबारे पाळली होती. एरवी तिला कौतुकच वाटलं असतं. पण गिरणीतल्या मुलींच्या संध्याकाळच्या वर्गात सोमवारी तिला 'टेक' या क्रियापदावर बोलायचं होतं, आणि वर्गाचं तिनं घरात सांगितलंच नव्हतं. आता सांगावं लागलं.

"तुला गं कशाला इंग्रजी?" तांदळाच्या करंज्या वळता वळता आई म्हणाली. "कॉलेजची परीक्षा त्याची आहे."

पिल-सुन भावाकडं वळली. "खाल्लंयस ना? मग ओक आता," ती भावाला म्हणाली.

तो घडाघडा सुरू झाला. बसनं जायचं, टेक. फोटो काढायचा, टेक. औषध, टेक. परीक्षा, तीही टेक.

"अगंबाई! आपल्या कोरियन भाषेत बसमध्ये चढतात, औषध खातात, परीक्षा 'बघतात'," आई म्हणाली. "ती अमेरिकन एवढी श्रीमंत माणसं, आणि सगळं एका शब्दात भागवतात? चिक्कू मेली!"

तिघंही हसली. मग पिल-सुननं एकेक वाक्य त्याच्याकडून पुन्हापुन्हा म्हणवून घेतलं. पोरगा कुठं म्हणून अडखळला नाही. तिचा ऊर भरून आला. गिरणीत कापसाचे तंतू गिळत काढलेली वर्षं वाया गेली नव्हती.

सोमवारी ती वर्गात उभी राहिली आणि सगळं धडाधड बोलून गेली. शिकवायला येणारा कॉलेजातला तरुण मास्तर बघतच राहिला.

"आता एक वाक्य तुमचं स्वतःचं," तो म्हणाला.

तिनं वही मिटली. "आय टेक द टेस्ट."

"अगं, परीक्षा तुझा भाऊ देतोय ना?" मागून मैत्रीण कुजबुजली.

"तो त्याची देईल," पिल-सुन वळून म्हणाली. "ही माझी. सहावीनंतर शाळा सुटली, तेव्हा राहिलेली."

मास्तरनं बसायला सांगितलं, तरी ती जरा वेळ उभीच राहिली.