व्हरांड्यातला बाक

आमच्या ह्यांचा क्लब दोनदा बंद पडला. दुसऱ्यांदा मी पाडला, ते कबूल. पण पहिल्यांदाचं पाप माझ्या माथी मारतात ना, म्हणून मुळापासून सांगते.

ज्या गृहस्थाने हा क्लब काढला, त्याला शहरातल्या मोठ्या क्लबने दारातूनच परत पाठवलं होतं. तो अपमान त्याला इतका जिव्हारी लागला की त्याने स्वतःची इमारत बांधली, आणि पहिला नियम केला तो लोकांना दारातून परत पाठवण्याचा. नवा सभासद घ्यायचा तर प्रत्येकाने लाकडी पेटीत गुपचूप एक गोटी टाकायची. सगळ्या पांढऱ्या निघाल्या तर माणूस आत. एक जरी काळी निघाली तर जन्माचा बाहेर. दुसरा नियम असा, की बायकांनी व्हरांड्यापर्यंतच यायचं.

व्हरांड्यात एक बाक होता. चाळीस वर्षं मी त्या बाकावर बसून ह्यांची वाट बघितली. काचेतून आतली खिडकीजवळची खुर्ची दिसायची. हे तिच्यात असे ऐसपैस पसरलेले असायचे की घरी कधी इतके सुखात दिसले नाहीत. मला क्लबचं काही पडलेलं नव्हतं, पण त्या खुर्चीत एकदा बसायचं होतं. का, ते विचारू नका. बसायचं होतं, बस.

काळ्या गोट्या मात्र पडतच गेल्या. एक वकील मोठ्याने हसतो म्हणून गेला. एक बँकवाला शिंकताना रुमाल धरत नाही म्हणून गेला. कुणाचा तरी जावई, तो तर जावई आहे एवढ्यावरच गेला. आतले म्हातारे एकेक करून वर जात राहिले आणि उरले तिघं: निवृत्त न्यायाधीश, दातांचे डॉक्टर आणि आमचे हे. मूळ घटनेत लिहिलेलं, वार्षिक सभेला चार सभासद नसले तर इमारत विकायची. तिघांची पाचावर धारण बसली. ज्याला म्हणून विचारावं, त्याला ह्या तिघांनीच कधीतरी हाकललेलं. मग न्यायाधीशांनी सुचवलं की बायकांचा नियम बदलू. ते स्वतः विधुर, दातवाले बिनलग्नाचे. म्हणजे राहिले मी.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. नवी पर्ससुद्धा घेतली. सभेच्या दिवशी बाकावर बसून आतल्या बोलावण्याची वाट बघत होते. न्यायाधीश बाहेर आले ते मान खाली घालून. पेटीत दोन पांढऱ्या आणि एक काळी निघाली होती.

घरी येताना गाडीत हे दातवाल्यांना शिव्या घालत होते. जरा जास्तच घालत होते. ह्यांना मी काय आज ओळखते? मी म्हटलं, आता पुरे. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाले, "तू तिथे आलीस, तर मी घरातून जायचं कुठे?"

मी खिडकीबाहेर बघत बसले. फार लागलं ते मला.

इमारत गेली. तिथे आता गाद्यांचं दुकान आहे. सामानाच्या लिलावात ह्यांनी ती खुर्ची घेतली. मी बाक घेतला आणि गॅलरीत ठेवला. दातवाल्यांनी पेटी आणि गोट्या नेल्या.

आणि मग तिघंही रोज आमच्या दिवाणखान्यात जमायला लागले. चहा मी करायचा, पेपर मी आवरायचे, आणि ते बोलत असताना तिथे थांबायचंही नाही. एक दिवस न्यायाधीशांनी घसा खाकरून ठराव मांडला, की क्लब इथेच पुन्हा सुरू करावा. मी म्हटलं, घर माझंही आहे, मतदान होऊ दे. दातवाल्यांनी दुसऱ्या दिवशी पेटी आणली आणि मोठ्या कौतुकाने मलाही दोन गोट्या दिल्या.

मी पेटीत हात घातलाच नाही. काळी गोटी सगळ्यांदेखत ह्यांच्या कपाशेजारी ठेवली.

ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. "अगं, मग आम्ही बसायचं कुठे?"

"गॅलरीत बाक आहे," मी म्हटलं. "मला चाळीस वर्षं पुरला."

तिघं मुकाट्याने उठले. मी खुर्ची खिडकीशी ओढली आणि बसले. एक स्प्रिंग टोचते, पण चालतं.