डाव्या चाकाची घरघर

मला इंजिन नाही, त्यामुळे स्वतःहून मी कुठेच गेले नाही. पण फिरलेय भरपूर. मी जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनच्या एका अंगणातली कॅरॅव्हॅन बोलतेय. मोटारीमागे जोडून न्यायचं दोन चाकांवरचं घर!

माझा पहिला मालक थकला, तेव्हा भास्करराव आणि नंदिनीताईंनी मला आणलं. भास्करराव इथल्या रसायनांच्या कारखान्यात पंपांचे इंजिनिअर. नंदिनीताईंनी आल्या आल्या माझ्या चिमुकल्या ओट्यावर पोह्यांचा डबा ठेवला आणि मी त्यांची झाले.

दर वसंतात भास्करराव मला जॅकवर उचलायचे. बेअरिंग धुऊन नवं ग्रीस भरायचे, ब्रेक साफ करायचे. मग चाक हातानं फिरवून, मान तिरकी करून ऐकायचे. "गेनाऊ! अगदी बरोबर! पोरगी ठणठणीत आहे."

मोटार हळू झाली की मी तिला मागून रेटते आणि त्या रेट्यानंच माझे ब्रेक लागतात. त्यामुळे उतारावर माझं चाक बिघडलं, तर दोघींचंही काही खरं नाही.

२००६ साली श्वार्झवाल्डच्या डोंगरात जायचं ठरलं. भास्कररावांचे गुडघे दुखत होते. "आवाज आला तरच उघडू," म्हणत त्यांनी डावं चाक फिरवलं. "काही नाही. उद्या निघू."

मी हादरले. हिवाळ्यात त्या चाकाच्या बेअरिंगमध्ये पाणी शिरलं होतं. पण सांगू कशी?

नंदिनीताई आत पडदे लावत होत्या. त्यांनी खिडकीतून डोकं काढलं. "अहो, हे घरघरतंय."

"कुठे? उभा जन्म पंपांच्या धडधडीत काढलाय मी. बेअरिंग मला शिकवू नकोस."

त्या वाद घालत बसल्या नाहीत. खाली आल्या, त्यांचा हात धरून माझ्या आसावर ठेवला आणि चाक स्वतः फिरवलं. खरखर त्यांच्या बोटांत चढली.

"तुला हे खिडकीतून ऐकू आलं?"

"हो."

भास्कररावांनी चाक पुन्हा फिरवून कान जवळ नेला. "म्हणजे नुसतं बेअरिंगच गेलेलं नाही."

"बेअरिंग नवं मिळतं. कानालाही यंत्र मिळतं," नंदिनीताई म्हणाल्या. "आधी चहा घ्या."

चाक उघडलं, तर आतले रोलर खड्ड्याखड्ड्यांचे झालेले. सहल पुढे ढकलली. नवं बेअरिंग बसवताना भास्करराव नट आवळत होते आणि नंदिनीताई कान लावून सांगत होत्या, "जरा सैल... हं, बस."

जूनमध्ये निघालो. प्रत्येक उतारानंतर त्या दोन्ही चाकांना तळवा लावून बघत. "कोमट आहेत. चला."

कानाच्या यंत्राला मात्र भास्करराव हिवाळाभर नाही म्हणत होते. पुढच्या वसंतात लावलं एकदाचं. चाक फिरवलं आणि दचकले. "आल्झो... अरे, हे काय चिवचिवतंय? पुन्हा बेअरिंग?"

मी आता म्हातारी झालेय, जवळच्या नदीकाठापुढे जात नाही. माझ्यासारखी कुणाच्या दारात असेल, तर एवढंच मागते: तिचं चाक फिरवायला दोघं जण बसा.

नंदिनीताई हसल्या होत्या त्या दिवशी. चाक हातानं थांबवून म्हणाल्या, "अहो, पक्षी आहे तो."