दोरीचं दुसरं टोक

"सुजित आला काय, धर्माकाका?" धुक्यातून हुझैफाने विचारलं.

"पुढं गेलाय," धर्मा म्हणाला.

सुजित अलिबागला मुलगी बघायला गेला होता. तसा त्याचा फोन धर्मालाच आला होता.

कांदळवन लावायचं काम निघालं आणि खाडीच्या दोन्ही काठांवरची पोरं भांडेनाशी झाली. साहेब त्याला सलोखा म्हणत, पोरं हजेरी म्हणत. नियम एकच: चिखलात जोडीने उतरायचं, एक या गावचा, एक त्या गावचा. एकाच दोरीची दोन टोकं दोघांच्या कमरेला. एक रुतला की दुसऱ्याने ओढायचं. आपल्याच कमरेला बांधलेल्या माणसाला दगड मारायची पंचाईत होते.

ही अक्कल जरा उशिरा आली. खारं पाणी अडवणारी बांधातली उघाडी कधी उघडायची, यावरून झालेल्या शेवटच्या मारामारीत धर्माचा पोरगा हितेश पळताना याच चिखलात रुतला. भरती आली, तो वर आलाच नाही. काठावर जे नुसते बघत उभे राहिले, त्यांत हुझैफा होता. आता धर्मा रोपवाटिकेचा राखणदार. रोपांना पाणी घालायचा आणि हुझैफाची हजेरी लावायचा, दोन्ही तितक्याच मायेने.

हुझैफा रोपांची टोपली घेऊन उतरला. दोरीचं एक टोक कमरेला, मोकळं टोक हातात.

"सुजित! घे रं, बांध!"

धुक्यातून पचक पचक पावलं. दोघांची.

धर्माने विडी पेटवायला घेतली. पेटेना.

"रुतलो! ओढ, ओढ!" हुझैफा ओरडला.

धर्मा उठला नाही. उठायचं नाही, हे त्याने सुजितचा फोन आला तेव्हाच ठरवलं होतं. पाणी चढू लागल्याचा आवाज येत होता.

बऱ्याच वेळाने हुझैफा छातीपर्यंत माखून वर आला. दात वाजत होते.

"काका, ह्या सुजितला झालंय काय? ओढलान मला, पन एक शबुद बोलंल तर शपथ! हात तरी काय गार. अन् टोक सोडून तिथंच बसलाय, वर येत न्हाय. मी टोपली भरून आनतो, तवर तुमी हाक मारा."

कमरेची दोरी सोडून तो रोपांकडे वळला. धर्माने दोरी ओढून घेतली. ती हलकीच आली. हुझैफाचं टोक चिखलाने जड झालं होतं. दुसरं टोक कोरडं होतं, आणि त्याला अजून कमरेएवढा वेढा होता.

"काका, मारली काय हाक?"

"मारतो."

धर्माने तो वेढा डोक्यावरून घेतला, कमरेपर्यंत ओढला. बरोबर बसला.

"चल," तो हुझैफाला म्हणाला. "सावकाश. मी हाय मागं."