सुकी वाळू

"मग लोकांना बोलावता कशाला?" सँडलने वाळू लोटत चंद्रशेखर ओरडला. "साइटवर फोटो टाकता, 'अवश्य भेट द्या' म्हणून ढोल पिटता, आणि कुठे खणायचं नाही याचा एक बोर्ड लावता येत नाही तुम्हाला?"

समोर फक्त समुद्र होता. ज्या कुणा साहेबाला तो झापत होता, तो मस्कतमध्ये एसी लावून शुक्रवारची झोप काढत असणार.

"कोणाशी भांडतोयस?" सुचित्रा खड्ड्याशी गुडघे टेकून बसली होती. "आणि पायाने नको लोटूस. खाली अजून आहेत."

कासवाची अंडी होती. टेबल टेनिसच्या चेंडूंसारखी, एकमेकांना चिकटलेली. वरची काही खुरप्याने फाटली होती. बलक वाळूत मुरत होता, आणि त्याच्या शेजारी त्यांनी आणलेला शाडूच्या मातीचा गोळा आणि सुकलेली जास्वंद.

कल्पना सुचित्राची. मस्कतच्या अल् घुब्रातल्या फ्लॅटमध्ये दरवर्षी गणपती बादलीत विरघळायचा आणि माती बाल्कनीतल्या कुंड्यांत जायची. यंदा बिल्डिंगवाल्याने कुंड्या काढायला लावल्या. निर्माल्य कचऱ्यात टाकवेना, समुद्रात सोडणं तिला पटेना. मग सूर शहराच्या पुढच्या या किनाऱ्यावर, स्वच्छ वाळूत पुरायचं ठरलं. कुणालाच त्रास नाही, असं ती वाटेत अभिमानाने म्हणाली होती.

किनारा गावाचा होता. पिढ्यान्‌पिढ्या गावकरीच तो राखत आले. गावाच्या वतीने तो सांभाळणाऱ्या खैरुन्निसाने सकाळी फाटकात गाडी अडवून मोडक्या हिंदीत सांगितलं होतं, "गाड़ी इधर. गीली रेत पे चलना. सूखी रेत उनका घर है, उधर पाँव नहीं." चंद्रशेखर "इन्शाल्ला, इन्शाल्ला" म्हणाला होता. ऑफिसात न वाचता मेल पुढे ढकलताना तो असंच म्हणतो.

"बाबा, she told us," मैथिली म्हणाली. आठवीतली मुलगी, खुरपं अजून तिच्याच हातात होतं.

"मग तेव्हाच बोलायचं ना!"

"मी बोलले. तू म्हणालास, बाप्पाचं काम आहे, चालतं."

चंद्रशेखर खड्ड्याशी वाकला. भराभर वाळू ओढली, वर हात फिरवून सारखी केली. मागे वळून पाहिलं तर दोन सीगल उतरले होते. त्याने टाळ्या वाजवून हुसकले. ते थोडे लांब गेले आणि पुन्हा चालत आले.

"आपण फाटकावरच्या आँटींना सांगू. They will know, कसं झाकायचं ते."

"झाकलंय मी. आता खलास. कुणाला काही सांगायचं नाही. प्रकरण वर गेलं तर? माझी नोकरी गेली तर तुझी शाळा कोण बघणार, बाप्पा?"

"त्याला मध्ये आणू नकोस," सुचित्रा म्हणाली.

फाटकापाशी खैरुन्निसाने चटई टाकली होती. खजूर आणि काहवा, इथली बिनदुधाची कॉफी. टाळून जाणं शक्य नव्हतं. गाडी तिच्या चटईपलीकडेच उभी होती.

"सब ठीक?"

"सब ठीक. बहुत सुंदर," चंद्रशेखर म्हणाला. उभ्यानेच पहिला घोट घेतला आणि जीभ भाजली.

"बैठ ना, अर्बाब. समंदर भाग नहीं रहा." मालकाला म्हणतात तसं अर्बाब म्हणून ती हसली. मग सुचित्राकडे वळून म्हणाली, "गाँव वाले गेट बंद करने को बोलते हैं. बाहर के लोग सुनते नहीं. मैं बोली, हिंदी लोग पूजावाले हैं, मिट्टी को भी हाथ जोड़ते हैं. इनको आने दो."

चंद्रशेखरने कप झटकन हलवून परत दिला. इथे काहवा पुरे असेल तर रिकामा कप हलवतात. नाही हलवला तर यजमान पुन्हा भरतो. ओमानात आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात हे कळतं.

सुचित्राने कप हलवला नाही. खैरुन्निसाने भरला. ती प्यायली, पुन्हा तसाच पुढे धरला. पुन्हा भरला गेला.

"चला ना," चंद्रशेखर मराठीत पुटपुटला. "कप हलव आणि ऊठ. यल्ला."

मागे किनाऱ्यावर सीगल ओरडायला लागले होते. आता दोनच नसावेत. सुचित्राने तिकडे पाहिलं नाही. काहवा संपवला आणि कप पुढे धरला. कप हलणार नाही याची ती काळजी घेत होती.

खैरुन्निसाची सुरई कपावर आली आणि तिथेच थांबली.

"तीन के बाद कोई नहीं माँगता, बेटी."

मैथिलीने पाठीमागे धरलेलं खुरपं पुढे आणलं आणि खजुराच्या ताटलीशेजारी ठेवलं. पात्यावर वाळू चिकटली होती, पिवळी, ओली.

"ॲक्च्युअली, मॅडम, बोर्ड नहीं था," चंद्रशेखरने सुरुवात केली. "हमको लगा... ये सब क्यों हुआ, वो मैं आपको..."

खैरुन्निसा उठली होती. सुरई चटईवर कलंडली, तिने उचललीही नाही.

"क्यों बाद में," ती म्हणाली. "पहले बोल, किधर?"